दिवे मंद झाले का?

महागावात त्या वर्षी कापसाचं बोलणं लोकांना नकोसं झालं होतं, म्हणून गावानं कमलाकर वायरिंगवाल्याचं बोलणं काढलं. बोलणं असं, की बायको पुण्याला जाऊ नये म्हणून या बाबानं सख्ख्या पोराची गाडी आपल्या हातानं बंद पाडली. समोरच्या चहाच्या टपरीवरची शकुबाई तर शपथेवर सांगायची, "म्या सवताच्या डोयानं पाह्यलं बापा! दिवस उगवाच्या आंधी बॉनेट उघडून उभा होता मानूस." तिनं पाहिलं ते खरंच होतं. पण शकुबाईचा चहा आणि शकुबाईची साक्ष, दोन्हींत पाणी जरा जास्तच असे.

कमलाकरचे वडील तहसिलीत अव्वल कारकून. थोरला भाऊ बँकेत, धाकटा शाळेत मास्तर. मधला हा एकटाच काळ्या हातांचा निघाला. पाहुण्यांपुढे वडील आवाज खाली आणून सांगत, "मधला इलेक्ट्रिक लाइनीत आहे." पाहुण्यांना वाटे, वीज मंडळात साहेब असेल. कुंदाबाईंच्या माहेरीही असंच काहीसं वाटलं होतं म्हणतात. त्या हेडमास्तरांच्या लेक. लग्नाला आठ दिवस झाले तेव्हा त्यांना कळलं, की साहेबांचं ऑफिस म्हणजे घराला लागून असलेलं टिनाचं शेड, आणि ऑफिसात एक जीप, तिची आतडी बाहेर काढून ठेवलेली. रडल्या वगैरे नाहीत. "चहा इथंच आणू का?" एवढंच विचारलं.

त्याच आठवड्यात त्यांना कामही लागलं. गाडी सुरू होत नसली की कमलाकर आधी समोरचे दिवे लावी आणि मग चावी फिरवी. चावीबरोबर दिवे मंद झाले, की बॅटरी उतरली समजायची. दिवे तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ, म्हणजे स्टार्टर, नुसता टक् करून गप्प बसला, तर बॅटरी ठणठणीत. करंट पुढे कुठंतरी, सेल्फला नाही तर अर्थिंगला, अडलेला. आता चावी आत आणि दिवे बाहेर, म्हणून समोर माणूस लागतो. तीस वर्षं तो माणूस कुंदाबाई. तव्यावरची पोळी उतरवून यायच्या, दिव्यांसमोर उभ्या राहायच्या. आतून आवाज येई, "मंद झाले का वं?" बाहेरून उत्तर जाई, "नाही झाले." की पदराला हात पुसत परत पोळीकडे. नवराबायकोत दिवसाकाठी दुसरं बोलणं झालंच पाहिजे असं थोडंच आहे! तालुक्यातल्या निम्म्या काळ्यापिवळ्या जीपा त्यांच्या शब्दावर धावत होत्या, आणि तो शब्द कधी चुकला नाही.

मग कापसाचा भाव पडल्याची ती वर्षं आली. कापसाच्या व्यापाऱ्यांनी जीपा विकल्या. जिनिंगच्या फाटकाला दिवसाउजेडी कुलूप दिसू लागलं. रस्त्यानं गाड्या येत, पण त्या सरकारी पाहणीवाल्यांच्या. पांढऱ्या, कोऱ्या करकरीत. त्या महागावात बिघडत नसत आणि थांबतही नसत. कमलाकर शेडमध्ये स्टुलावर बसून राही. अशात दोन हजार सहाच्या फाल्गुनात मंदार, त्याचा मुलगा, पुण्याहून गाडी घेऊन आईला न्यायला आला. त्याची बायको केतकी तान्ह्या मुलीला घेऊन सोबत होती. तिची रजा संपत आली होती. आई किती दिवसांसाठी जाणार हे कोणी उच्चारलं नाही. पण कुंदाबाईंनी लोणच्याची मोठी बरणीसुद्धा फडक्यात बांधली, तेव्हा कमलाकरला समजलं.

"बाबा, तुम्हीही चला की," मंदार म्हणाला.

"दुकान कोण पाहीन?"

दुकानात त्या दिवशी दुरुस्तीला एक भोंगा होता. तोही लखीरामच्या टेम्पोचा, दिवाळीपासून पडलेला. कमलाकरला पुण्याचं वावडं नव्हतं. पोरानं म्हटलं ते ठीक. कुंदानं एकदा "चला" म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. ती म्हणत नव्हती, आणि हा आपण होऊन विचारणारा नव्हता.

निघायच्या दिवशी तो पहाटेच उठला. पोराची गाडी पुसली, बॉनेट उघडून ऑईल-पाणी पाहिलं. शकुबाईला दिसलं ते हेच. सहाला सामान चढलं, केतकी बाळाला घेऊन मागे बसली. मंदारनं चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

"सरक," कमलाकर म्हणाला आणि आत बसला. गाडीचं तोंड शेडच्या चुना मारलेल्या भिंतीकडे होतं. त्यानं दिवे लावले. अजून पुरतं उजाडलं नव्हतं, भिंतीवर दोन गोल उमटले. कुंदाबाई कोणी न सांगता दिव्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या, नवी चप्पल घालून, प्रवासाची साडी नेसून.

त्यानं चावी फिरवली. भिंतीवरचे गोल हलले नाहीत की विटले नाहीत. आतूनच त्याला स्वच्छ दिसत होतं.

"मंद झाले का वं?"

कुंदाबाईंनी दिव्यांकडे पाहिलं. मग काचेतून त्याच्याकडे पाहिलं.

"झाले."

त्यानं पुन्हा चावी फिरवली. "बरोबर पाह्य."

"पाहून राह्यले नं. मंद झाले."

कमलाकर जरा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मग उतरून पोराला म्हणाला, "बॅटरी उतरली. चार्जिंगले लावा लागते."

"किती वेळ?"

"दुपार."

"त्यापेक्षा धक्का मारून सुरू करू ना!"

"नव्या गाड्याईले धक्का चालत नाही."

हे वाक्य टपरीपर्यंत गेलं आणि शकुबाईच्या हातातली गाळणी थांबली. ज्या माणसानं तीस वर्षं सगळ्या गावाला गाड्यांमागे धावायला लावलं, त्याला आज धक्का चालेना! "दाल में काला हाय," ती गिऱ्हाइकाला म्हणाली, आणि अफवेचा जन्म झाला.

कमलाकरनं भरलेली बॅटरी काढून चार्जरला लावली. चार्जरचा काटा जागचा हलेना, म्हणून त्याचं तोंड भिंतीकडे केलं. मंदार फोन लावत येरझारा घालत होता. कुंदाबाईंनी प्रवासाची साडी बदलली, बांधलेली भांडी सोडली आणि बेसनाचे गोळे वळून गोळाभात करायला घेतला. घाईच्या दिवशी कोणी गोळाभात करत नाही. केतकी म्हणाली, "आई, खिचडी टाका ना साधी." त्या म्हणाल्या, "वेळ आहे."

जेवणं झाली. पोरं आत आडवी झाली. दोघं शेडमध्ये बाकावर बसली. बाहेर ऊन तापलं होतं.

"दिवे नीट दिसले नं तुले सकाळी?" कमलाकरनं विचारलं.

"दिसले."

"नाही म्हटलं, आता नजर..."

"माझी नजर चांगली आहे. तुमची?"

"माहीबी चांगली हाय."

कुंदाबाईंनी लखीरामचा भोंगा उचलून पदरानं पुसला आणि खाली ठेवला. कमलाकरच्या मनात आलं, आता म्हणेल. त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे. दोनदा त्यांनी मान वर केली. मग आत बाळ रडलं आणि त्या उठल्या.

तीन वाजता त्यानं बॅटरी परत बसवली, गाडीखाली शिरला, बाहेर आला. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. "वा बाबा!" मंदार म्हणाला. कुंदाबाई मागे बसून बाळाचं टोपरं सारखं करत होत्या. खिडकीशी वाकून कमलाकर म्हणाला, "पोचलीस की फोन कर."

"भात आहे उरलेला. रात्री फोडणी घालून घ्या."

"हो."

गाडी थोडी पुढे जाऊन थांबली. कमलाकर दोन पावलं धावला. मंदारनं फक्त सीटबेल्ट लावला होता. गाडी गेली.

पुढल्या दोन वर्षांत कुंदाबाई फोन करत राहिल्या. भाताचं, गुडघ्याचं, नातीच्या दातांचं बोलणं होई. आल्या त्या एकदाच, धाकट्या दिराच्या घरच्या लग्नाला, चार दिवस. शेडमध्ये कमलाकर सवयीनं हाक देई, "मंद झाले का वं?" आणि समोर उभा असलेला जीपवाला गोंधळून विचारी, "कोनाले म्हनता भाऊ?" शेवटी त्यानं भिंतीला आरशाचा एक तुकडा ठोकला. आतूनच दिवे दिसू लागले आणि विचारायची गरज उरली नाही.

गाडी कमलाकरनं बिघडवली नव्हती. इंजिनाच्या अर्थिंगचा नट सैल झाला होता. तो आवळायला पाच मिनिटंही लागली नाहीत. दिवे मंद झाले नव्हते. कुंदाबाई खोटं बोलल्या होत्या, आणि ते कमलाकरला तेव्हाच कळलं होतं.