शिवलेला खिसा

लेक बर्फाच्या डोंगरात जाणार हे कळल्यापासून माझी झोप उडाली होती. नेदरलँड्समधल्या सपाट हूफडॉर्पला राहून डोंगराची धास्ती घेणं म्हणजे विनोदच, आमच्याकडचा मोठ्यातला मोठा चढ सायकलच्या पुलाचा. पण ईरा वाखनिंगनच्या विद्यापीठात शिकते आणि तिथल्या चार मैत्रिणींबरोबर ऑस्ट्रियात, आखलेल्या वाटा सोडून, स्की लावून हिंडायचं ठरवून आली होती. मी रोज मोबाइलवर तिथला हिमस्खलनाचा इशारा वाचायची. धोक्याची पातळी पाचपैकी तीन. प्रत्येकीच्या छातीवर एक यंत्र असतं, कुणी बर्फाखाली गाडली गेली तर बाकीच्या आपापल्या यंत्रावर तिचा संदेश पकडून तिला शोधतात, असं ईराने समजावलं. ‘गाडली गेली तर’ एवढंच माझ्या कानात राहिलं.

मी दत्ताची उपासना करते. पण खरं सांगते, त्या दिवसांत माझा जप म्हणजे देवाशी घासाघीस होती. शेवटी मी एक उद्योग केला. देवघरात दिवसभर ‘श्रीगुरुदेव दत्त’ म्हणणारं बॅटरीवरचं छोटं जपयंत्र आहे. ते चालू ठेवून, आवाज पार बारीक करून, मी तिच्या जॅकेटच्या आतल्या खिशात घातलं आणि खिसा शिवून टाकला. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने काढलंच असतं.

त्या डोंगरावर चढायच्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला, वर निघतोय म्हणून. मग काहीच नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी देवापुढे बसून होते. जेवण गेलं नाही. चार वाजता फोन वाजला, ईरा रडत होती.

"आई, व्हॉट डिड यू पुट इन माय जॅकेट?"

निघण्याआधी त्यांच्यातली अनुभवी मारेके प्रत्येकीचं यंत्र तपासते. ईराच्या यंत्रावर अंतराचे आकडे वाटेल तसे उड्या मारायला लागले. बॅटऱ्या बदलल्या, फोन दूर ठेवले, तरी तेच. अखेर मारेकेच्या हाताला शिवण लागली. विजेवर चालणारं काही इतकं जवळ असलं की शोध भरकटतो. या सगळ्यात तासभर गेला, ऊन चढून बर्फ सैल व्हायला लागला, आणि मारेके म्हणाली, आता त्या उभ्या उतारावर जायचं नाही, जंगलातून जाऊ. दुपारी जंगलात त्यांनी गडगडाट ऐकला. तो उतार अख्खा खाली आला होता.

नातेवाईक म्हणतात, दत्ताने राखलं. मी नाही म्हणत नाही. पण मला छळत राहिला तो वेगळाच विचार. कुणी गाडली गेली असती आणि मारेकेने तपासलं नसतं, तर माझ्या लेकीला ती सापडली नसती. मी एकीसाठी देव शिवला आणि चार आयांच्या लेकींना विसरले. त्या अनोळखी मुलीने शांतपणे, न चिडता शिवण उसवली. देवाने माझी चूक सावरली आणि ती माझ्या पदरातही घातली, असं मला वाटतं.

या हिवाळ्यात ईरा पुन्हा निघाली. दारात म्हणाली, "आई, चेक मी." मी तिचा एकेक खिसा चाचपला. सगळे रिकामे होते. मग मी हात जोडले, आणि पाचही जणींची नावं घेतली.