डांबरात शोधा म्हणे

अमरावतीच्या नर्सिंग कॉलेजात पयल्याच वर्षी मॅडमनं मले वर्गासमोर उभं केलं. बाजूले एक गोरी पोट्टी. दोघींच्या दंडाले रबरी पट्टा बांधला.

“पाहा, हिची शीर कशी निळी दिसते. आता या डांबरात शोधा!”

वर्ग हसला. मी पण हसली. काय करू बाप्पा, तोंडच हसून गेलं.

“आडनाव काय गं तुझं?”

सांगितलं.

“तरीच.”

आमची पातूरची वस्ती, विहार, मायबाप, सगळं तिनं त्या एका शब्दात मोजलं.

एकमेकींच्या हातावर सुईचा सराव करायची तिथली रीत. आळीपाळीनं. त्या दिवसापासून मात्र हात माहाच.

एकीनं बोटानं न चाचपता सुई खोल घातली. शीर राहिली बाजूले, सुई गेली धमनीत. शिरेतलं रक्त काळपट, संथ, हृदयाकडं परत चाललेलं असते. धमनीतलं हृदयानं नुकतंच ढकललेलं. लालभडक. ठोक्यागणिक सिरिंजमधी उसळून राहिलं.

“उसळणारच. रक्तच तसलं,” मॅडम म्हणाली.

हात काळानिळा पडला. केसाहून बारीक केशवाहिन्या असतात, रक्त त्याइच्यातूनच अंगाच्या कणाकणाले पोचते. ते बोलणंही तसंच पोचलं मले. नखापर्यंत. आजही पेशंटच्या दंडाले पट्टा बांधला का ‘तरीच’ ऐकू येते. झोपेतही येते. लय भेव वाटते.

पुढच्या प्रॅक्टिकलले मॅडम म्हणाली, “ये, हात दे.”

“नाई देत.”

“का?”

“तुमचाच द्या न मॅडम. गोरा आहे, लवकर दिसन.”

कोणीच हसलं नाई.

“मार्क माझ्याकडे आहेत.”

“ठेवा. हात नाई भेटत.”

नापास केलं मले. माय लय रडली. मी पुन्हा बसली, पास झाली.

आता अकोल्याच्या दवाखान्यात सिस्टर आहो. परवा त्याच कॉलेजातून एक सावळी पोट्टी शिकाले आली. सारखी बाही खाली ओढे. म्या वर केली. हात कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा.

“काहून गं?”

“मॅडम माह्याच हातावर शिकवते, ताई.”

मॅडम तीच. माह्या अंगाची आग झाली. उद्या तिले घेऊन अमरावतीले चालली. प्राचार्यासमोर मॅडमले बोलावून घेणार. पोट्टी भेते, म्हणते मार्क जातीन. म्या म्हटलं, तू फक्त बाही वर कर. बोलणार मी आहो. मॅडमनं कबूल केल्याबिगर मी तिथून उठत नाई.