दुधीची चकती

शेजारी तंबाखूची मशेरी भाजल्याचा वास आला की कांदिवलीच्या घरात खिडकीच्या ग्रिलवर मी चढवलेला दुधीचा वेल आठवतो. नातू आठ महिन्यांचा होता. भूक एवढी वाढलेली की वाटी संपली तरी चमचा सोडायचा नाही. कडू दुधी बाधतो, म्हणून चिरताना मी चकती चाखली. ठीक लागली. मऊ शिजवून भरवला, पण दुसऱ्याच घासाला पोराने तोंड मिटलं. "नखरे नको करू रे," मी म्हटलं. सुनेने चमचा चाटला. "आई, कडूजहर आहे हे. मशेरीने जीभ मेलीय तुमची." तिने फोन लावला तर डॉक्टर म्हणाले, उलटी होते का बघा. मी पोराच्या तोंडाकडे बघत बसले. संध्याकाळी तो भुकेने रडला, तेव्हा कुठे मी उठले. वेल उपटला, मशेरीही सोडली. तरी आजही चकती सूनच चाखते आणि मगच मी बाकीचा दुधी चिरते.