बावीस पिवळे पंजे

मी हँडबॉलच्या लीगची टाइमकीपर झाले तेव्हा माझं तोंड उघडं होतं आणि त्यात कापसाचे तीन बोळे होते.

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, व्हाय इज देअर अ व्हिसल इन युअर मसाला ड्रॉवर?" मी तेव्हा "लाँग स्टोरी" म्हणून टाळलं, कारण गॅसवर दूध होतं. आता सगळं नीट लिहून पाठवते आहे. मराठीत आहे, बाबांकडून वाचून घ्या. त्यांनी मधली पानं गाळली तर तुम्हाला कळेल. पानांवर क्रमांक घातले आहेत.

आमचे दातांचे डॉक्टर मूळचे डेन्मार्कचे. इतके उंच की दारातून येताना सवयीनेच मान खाली घालतात. माझ्या रूट कॅनलच्या दिवशी त्यांनी माझी दातांची वही पाहिली. प्रत्येक दाताला एक पान, कधी दुखला, काय केलं, कोणी केलं. हातातलं ड्रिल बाजूला ठेवून त्यांनी ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखं माणूस मी कित्येक वर्षं शोधतोय. शनिवारी दुपारी मोकळ्या असता का?"

मी म्हटलं, "आँ." त्या अवस्थेत दुसरं काय म्हणता येतं? त्यांनी ते 'हो' धरलं.

हँडबॉल म्हणजे फुटबॉलच, पण हाताने आणि छपराखाली. सात जण इकडे, सात तिकडे, तीस तीस मिनिटांचे दोन भाग, आणि जमेल तितक्या जोरात चेंडू गोलमध्ये फेकायचा. आपल्याकडे गल्लीत क्रिकेट असतं तसा हा खेळ त्यांच्या गावांत असतो. अमेरिकेत तो फारसा कोणी खेळत नाही, म्हणून इथे जमतात ते सगळे बाहेरचे. लीगमध्ये सहा संघ होते, चार इथले, दोन कॅनडातले. आमच्या संघात अकरा जण: तीन डेन्मार्कचे, दोन इजिप्तचे, दोन ब्राझीलचे, ट्युनिशिया, जर्मनी आणि कोरियाचा एकेक, आणि एक अमेरिकन. तो व्हॉलीबॉलचा क्लास शोधत चुकून आला होता आणि संकोचामुळे परत गेला नाही.

टेबलावर दोन माणसं लागतात. मी वेळ बघायची, आणि आजोबांनी गोल लिहायचे. आजोबा रिटायर्ड इंजिनियर, त्यांनी पहिल्याच दिवशी गोलांचा ग्राफ काढला. आमच्या संघाची रेघ जमिनीला धरून चालली होती.

टाइमकीपरला एक मोठा अधिकार असतो. बाहेर जाणाऱ्या खेळाडूने रेषा ओलांडण्याआधीच आत येणारा आत आला, तर शिट्टी वाजवायची, आणि तो दोन मिनिटं बाहेर. पहिल्याच सामन्यात एक खेळाडू फूटभर आधी आत आला. मी शिट्टी वाजवली. बघते तर डॉक्टर.

"मॅडम, मी तुमच्याच संघाचा आहे!"

"हो, माहीत आहे. दोन मिनिटं."

आम्ही हरलो. परतताना गाडीत आजोबा म्हणाले, "अगं, मंगळवारी ज्याच्या हातात ड्रिल असणार, त्याच्यावर शनिवारी शिट्टी वाजवतात का?"

मंगळवारी डॉक्टरांनी कॅप उत्तम बसवली. फक्त नेहमीसारख्या गप्पा मारत नव्हते.

पण खरा प्रश्न शिट्टीचा नव्हता, फ्लोअरचा होता. हे खेळाडू हातांना राळ लावतात, चेंडू एका हातात पक्का बसावा म्हणून. ही राळ मधासारखी दिसते आणि फणसाच्या चिकासारखी चिकटते. चेंडूला, दाराच्या कडीला, पाण्याच्या बाटलीला, आणि शाळेच्या जिमच्या गुळगुळीत लाकडी फ्लोअरला. त्या शाळेची इमारत सांभाळणारे एक कस्टोडियन होते. बारीक, पांढऱ्या मिशा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पहिल्या सामन्यानंतर ते गुडघ्यांवर बसले आणि टॉर्च लावून सगळा फ्लोअर तपासला. मग डॉक्टरांना बोलावलं.

"इथे तीन डाग आहेत. आज मी काढतो. सीझन संपेल तेव्हा एक जरी डाग दिसला, तर तुमच्या कागदावर मी सही करणार नाही."

कागद असा होता: पुढच्या वर्षीसाठी संघाकडे जिम आहे, असं सहीनिशी लिहून दिलं तरच लीग संघाला ठेवते. डॉक्टर बाकावर बसले ते उठेचनात. त्यांनी याआधी तीनदा संघ उभा केला होता, आणि तिन्ही वेळा राळेपायी त्यांना जिममधून काढलं होतं. मला म्हणाले, "कप वगैरे मला नको. मला फक्त पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात आमच्या संघाचं नाव छापलेलं बघायचंय. एकदा."

एवढा मोठा माणूस, आणि मागणं एवढंसं. मला राहवलं नाही.

माझी आत्या रत्नागिरीला असायची. फणस कापायला बसली की आधी हाताला आणि विळीला तेल चोपडायची. चीक तेलाला शरण जातो, आणि तेल बेसनाला. मी डॉक्टरांना घरी बोलावलं, सिंकपाशी उभं केलं आणि राळेने माखलेल्या त्यांच्या हातांवर खोबरेल तेल ओतलं. चोळा म्हटलं. मग मूठभर बेसन. मग पाणी. तळहात स्वच्छ! ते नुसते हाताकडे बघत राहिले. "हे काय आहे?"

"याची भजी करतात," आजोबा म्हणाले.

तिथून पुढे प्रत्येक घरच्या, म्हणजे आमच्या जिममधल्या, सामन्याला माझं भजनी मंडळ येऊ लागलं. पाच जणी, सगळ्या साठीच्या पुढच्या. सामना संपला की मी शिट्टी वाजवायची, आणि हात साफ केल्याशिवाय कोणीही कशालाही हात लावायचा नाही. दोन्ही संघ रांगेत. पहिल्या मावशी तेल, दुसऱ्या बेसन, तिसऱ्या ओला टॉवेल. उरलेल्या दोघी फ्लोअरवर गुडघे टेकून डाग शोधायच्या. नागपूरच्या मावशी दर वेळी म्हणायच्या, "बाप्पा, घरची फरशी मी कधी एवढी पुसली नाही. माझ्या सुनेला कोणी सांगू नका बरं!"

इजिप्तचा गोलकीपर डोळे मिटून दोन्ही हात पुढे करायचा, दिवाळीच्या पहाटे पाटावर बसवलेल्या मुलासारखा. कॅनडाच्या एका प्रशिक्षकाने लीगकडे लेखी तक्रार केली की हे लोक खेळाडूंना कसलीतरी पूड लावतात. लीगचं उत्तर आलं, सामना संपल्यावर लावलेल्या पुडीबद्दल नियमांत काही नाही. पुढच्या फेरीत तोच प्रशिक्षक रांगेत पहिला उभा होता.

आम्ही नऊ सामने खेळलो आणि नऊ हरलो. पण फ्लोअरवर एकही डाग नव्हता. कस्टोडियन दर वेळी टॉर्च लावायचे, विझवायचे आणि जायचे.

दहावा, म्हणजे सीझनचा शेवटचा सामना घरचा होता. आदल्या दिवशी माझ्या मनात आलं, या मुलांचे तळहात किती फुटले आहेत. राळेने एकदा सोलतात, बेसनाने पुन्हा कोरडे पडतात. म्हणून मी बेसनात चांगली वाटीभर हळद मिसळली.

आजोबा दारातून बघत होते. "रंग लागेल हं."

"हाताला लागेल. फ्लोअरला कोण हात लावतंय?"

आता मान्य करते. आयुष्यभर मी याद्या करून जगले, पण जिंकल्यावर हा संघ काय करतो, हे कुठल्याच यादीत नव्हतं. कसं असणार? तो कधी जिंकलाच नव्हता.

त्या दिवशी तो जिंकला. चोवीस विरुद्ध तेवीस. शेवटचा चेंडू आमच्या गोलमध्ये शिरला तो माझा भोंगा वाजल्यावर. समोरच्या संघाने टेबलावर येऊन आरडाओरडा केला. मी घड्याळ त्यांच्याकडे फिरवलं. मी आमच्या संघावरही शिट्टी वाजवते, हे नऊ सामन्यांत लीगभर झालं होतं, त्यामुळे पुढे कोणी वाद घातला नाही.

आमचे अकराही जण ओरडत, उड्या मारत जमिनीवर बसायला लागले. मी जोरात शिट्टी वाजवली. "आधी हात!"

किती शहाणी मुलं. निमूटपणे टेबलाशी आली, रांग लावली. तेल, बेसन, टॉवेल. घाईत सगळ्यांनी टॉवेलला नुसता हात लावला. आणि मग तिथेच, टेबलासमोर, अकरा जण गोल करून बसले आणि दोन्ही तळहातांनी फ्लोअर बडवत गाऊ लागले. कुठलं गाणं होतं कोण जाणे, प्रत्येकाच्या भाषेत वेगळं असावं.

उठले तेव्हा फ्लोअरवर बावीस पिवळे पंजे होते. खरं तर बरेच जास्त, पण हात बावीस. एखाद्या घरी लग्न लागून गेल्यासारखं दिसत होतं.

भजनी मंडळ धावलं. तेल लावलं, पसरलं. साबण लावला, लालसर झालं. कस्टोडियन आले. या वेळी त्यांना टॉर्चची गरज पडली नाही.

डॉक्टर हातात तो कागद घेऊन उभे होते. लीगला तो सोमवारी दुपारपर्यंत पोचायचा होता. त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवला. ती घडी मला सहन झाली नाही.

मी कस्टोडियनना म्हटलं, "मला उद्याचा दिवस द्या. आणि खिडक्यांचे पडदे वर करा."

"पडदे? मॅडम, मी ते कधीच उघडत नाही. उन्हाने लाकूड फिकं पडतं."

"तसंच हे पिवळं फिकं पडेल. हळद पाण्याला ऐकत नाही, उन्हाला ऐकते. माझ्या मिस्टरांचे शर्ट मी आयुष्यभर असेच वाचवलेत."

"सूर्य पुसतो म्हणता?"

"उद्या संध्याकाळी टॉर्च घेऊन या."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. बहुधा त्यांनाही बघायचंच होतं.

रविवारी सकाळी सगळे जमलो. ऊन आलं, पण अर्ध्याच पंजांवर. उरलेल्या अर्ध्यांवर सावली, आणि ती हलायला तयार नाही. आजोबांनी खिशातून कोनमापक काढला. "आरसे आणा," म्हणाले, आणि मला जाणवलं की या क्षणाची ते रिटायर झाल्यापासून वाट बघत होते.

दीड तासाने जिममध्ये ड्रेसिंग टेबलाचे दोन आरसे, एक बाथरूमचा, आणि नागपूरच्या मावशींची पर्समधली डबी एवढं जमा झालं. डॉक्टरांनी तोंडात घालायचे बारीक आरसे आणले, अख्खा ट्रे भरून. आजोबा आकडे सांगायचे, "थोडं डावीकडे. जर्मनी, तू हलतोयस!" प्रत्येक जण आपापल्या पंजासमोर बसून त्यावर ऊन पाडत होता. मी स्टॉपवॉच लावून वीस वीस मिनिटांच्या पाळ्या केल्या. पाळी संपायच्या आत कोणी जागा सोडली की शिट्टी. मधल्या सुट्टीत पोहे.

दुपारी एकनंतर कस्टोडियन डोकावले. अकरा माणसं आरसे धरून जमीन उजळवताहेत, हे त्यांनी दारातून बराच वेळ पाहिलं. मग बाहेर गेले आणि आपल्या ट्रकचा बाजूचा आरसा काढून घेऊन आले.

संध्याकाळपर्यंत पंजे एकेक करून विरले. कस्टोडियन टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसले, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले. "काही नाही," म्हणाले आणि कागद मागितला. डॉक्टरांनी तो इतक्या घाईने काढला की जरासा फाटला.

"थांबा," मी म्हटलं. "टेबलाच्या पायाशी एक आहे. अजून पुसट दिसतोय."

सगळे माझ्याकडे वळले. तो पंजा मोठा होता. डॉक्टरांचाच. ते हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, प्लीज." आजोबांनी कपाळाला हात लावला.

पण मला दिसला होता, आणि कस्टोडियनची अट एकही डाग नको अशी होती. स्वतःच्या संघाला दोन मिनिटं देणाऱ्या बाईने आता डोळे कसे मिटायचे?

कस्टोडियननी वाकून बघितलं. टॉर्च लावली, विझवली. "पुढच्या वर्षी तुमचं टेबल कुठे असणार?"

"नियमाप्रमाणे इथेच. मधोमध, रेषेच्या बाहेर."

"मग हा टेबलाखाली येतो. टेबलाखाली मी बघत नाही." आणि त्यांनी त्याच टेबलावर कागद ठेवून सही केली.

नवीन वेळापत्रक आलं तेव्हा डॉक्टरांनी त्याची प्रत मला क्लिनिकमध्ये दाखवली. पुन्हा माझ्या तोंडात बोळे होते. आमच्या संघाचं नाव शेवटून पहिलं होतं, त्यावर त्यांनी बोट ठेवलं होतं आणि काढत नव्हते. मी "आँ" म्हटलं. या वेळी त्याचा अर्थ खरंच 'हो' होता.

शिट्टी मी हळदीच्या डब्याशेजारी ठेवते. डब्यावर आता नवीन लेबल आहे: "हळद. फ्लोअरसाठी नाही."