कॅरव्हॅनखालचा पाइप

मेधाचा फोन आला तेव्हा मी युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, एका मीटिंगमध्ये होतो, आणि मी तो कट केला. दुसऱ्यांदा आला, तोही कट केला. मग मेसेज आला. ‘शिरीष गेला. सेडूनाच्या हॉस्पिटलमध्ये. ईशाला कळवलंय.’ एवढंच. कॉरिडॉरमध्ये येऊन मी फोन लावला. मेधाचा आवाज शांत होता. सकाळी गेला म्हणाली, तीन दिवस छातीत कफ भरला होता, न्यूमोनिया... आणि मग म्हणाली, “कॅरव्हॅन पार्कमध्येच उभी आहे. तिचं नंतर बघू.” नवरा जाऊन दोन तास झालेल्या बाईला कॅरव्हॅन कशी काय आठवते, असं तेव्हा माझ्या मनात आलं. आता सात आठवडे झालेत. आता तसं वाटत नाही.

शिरीष आणि मी एकाच वर्षी पुण्याहून इथे आलो. वॉलॉंगॉंगला दोन खोल्यांच्या एका युनिटमध्ये आम्ही तीन वर्षं एकत्र काढली. तो पोर्ट केंब्लाच्या स्टीलवर्क्समध्ये मेंटेनन्स इंजिनियर, मी युनीत आयटीमध्ये. त्याचं लग्न झालं, मेधा आली, ईशा झाली, माझं लग्न झालं, घरं झाली, पण ती तीन वर्षं आमच्यातून गेली नाहीत. मला तो ‘अव्या’ म्हणायचा. त्या नावाने हाक मारणारं या देशात आता कुणी उरलेलं नाही.

कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, त्याने सहा वर्षांपूर्वी घेतली. जुनी, पण दणकट. आधीच्या मालकाने तिच्यात हौसेने संडासाची मोठी टाकी कायमची बसवून घेतली होती. इथे गावोगावी डम्प पॉइंट असतात, म्हणजे जमिनीत गटाराचं एक झाकणवालं तोंड. तिथे गाडी उभी करायची, टाकीला एक जाड लवचिक पाइप जोडायचा, दुसरं टोक त्या तोंडात घालायचं आणि व्हॉल्व्ह उघडायचा. हे काम झाल्यावर पाइप कितीही धुतला तरी तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न राहतोच. पहिल्या ट्रिपला आम्ही दोन्ही कुटुंबं कायामाला गेलो होतो. शिरीषने तो पाइप पिशवीत गुंडाळून पुढच्या पेटीत ठेवला, फोल्डिंगच्या खुर्च्यांशेजारी. वाटेत पिशवी फाटली. मेधाने खुर्ची उघडली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि ती तिथेच गवतावर ठेवून दिली. “हा पाइप माझ्या सामानाबरोबर पुन्हा दिसला तर मी घरी बसेन,” ती म्हणाली. ईशा तेव्हा शाळेत होती. “बाबा, दॅट्स सो ग्रॉस,” म्हणून ती समुद्राकडे पळाली.

पुढच्याच वीकएंडला शिरीषने कॅरव्हॅनच्या मागच्या बंपरखाली पीव्हीसीचा एक सहा इंची पाइप आडवा बसवला. घाणीचा पाइप राहायला दुसरा पाइप. एका टोकाला किंचित उतार, म्हणजे आतलं पाणी साचणार नाही. खाली भोकं, आणि भोकांना जाळी, कोळी आणि गांधीलमाशा आत घर करू नयेत म्हणून. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर त्याने ते सगळं पुण्याला आईला दाखवलं. काकूंनी स्क्रीनजवळ चेहरा आणला. मग म्हणाल्या, “इतकं शिकलास, तिकडे जाऊन हे काम करतोस?” तो हसला नाही. “आपलंच आहे ना आई, आपणच उचलायचं,” म्हणाला आणि कॅमेरा परत त्या उताराकडे वळवला. मी शेजारीच स्पिरिट लेव्हल धरून उभा होतो. त्या पाच-सहा वर्षांत मी त्यांच्याबरोबर दहाएक ट्रिपा केल्या असतील, आणि एकदाही तो व्हॉल्व्ह मी उघडला नाही. तो उठायचा, ग्लव्हज घालायचा, आणि मी तेवढ्यात चहा टाकायचो.

पहिलं झाकण नुसतं दाबून बसवलेलं होतं. माउंट औस्लीच्या उतारावर ते उडालं, आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने हॉर्न मारमारून आम्हाला थांबवलं. “मेट, यू आर ड्रॅगिंग समथिंग!” पाइप सापासारखा रस्त्यावर घासत येत होता. त्या दिवशी आम्ही रस्त्याकडेला पोट धरून हसलो होतो. मग त्याने आट्यांचं घट्ट झाकण आणलं. ते पुढे दोन वर्षं टिकलं.

एकदा बेरी गावाजवळच्या डम्प पॉइंटला चहा होऊन गेला तरी तो आला नाही. मी बघायला गेलो. तो गुडघ्यावर बसून झाकणाशी झटत होता. “आटे जाम झालेत रे,” म्हणाला. मी वाकून झाकण धरलं. ते दोन बोटांनी फिरलं. अगदी सहज. मी ते लगेच परत थोडं आवळलं, जणू मलाही जोर लावावा लागला... पण त्याने पाहिलं होतं. त्याने उजवा हात मांडीवर पुसला आणि तो स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला. अंगठ्याच्या मुळाशी मांस असतं, तिथे खळगा पडला होता. “कधीपासून?” मी विचारलं. “दिवाळीपासून. मेधाला बोलू नकोस.”

मी बोललो नाही. ते चूक होतं की बरोबर, मला अजून ठरवता येत नाही. तीन महिने तपासण्या चालल्या आणि मग नाव कळलं: मोटर न्यूरॉन. नसा एकेक करून स्नायूंना सोडून देतात, आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. औषध असं नाही. डॉक्टरांनी दोन वर्षं सांगितली. शिरीषने घरी येऊन तोंड धुतलं आणि तो गॅरेजमध्ये गेला, असं मेधा सांगते.

मी शनिवारी गेलो तेव्हा आट्यांचं झाकण निघालेलं होतं. त्याच्या जागी बिजागरीचं झाकण आणि त्याला हातभर लांब लोखंडी दांडा. स्टुलावर बसून कोपराने दांडा खाली दाबला की झाकण उघडायचं. आत त्याने अर्धा कापलेला पाइप ट्रेसारखा बसवला होता. तो ओढला की सगळा पाइप त्याच्याबरोबर बाहेर सरकायचा. बोटांची गरजच नाही. दर दोन-तीन महिन्यांनी त्यात काहीतरी बदलायचं. ट्रेला दोरीचा फास आला, मनगट अडकवता यावं म्हणून. शेवटी शेवटी वेल्डिंग मी करत होतो आणि तो खुर्चीतून सांगत होता. माझं वेल्डिंग वाईट आहे. तो प्रत्येक जोड बघून म्हणायचा, “चालेल,” आणि पूर्वीचा शिरीष ते कधीच म्हणाला नसता.

मग एके दिवशी त्याने मेधाला शिकवायला घेतलं. घराच्या ड्राइव्हवेवर, टाकीत नुसतं पाणी भरून. तिने पाइप जोडला, व्हॉल्व्ह उघडला, पाणी काढलं. “परत,” तो म्हणाला. तिने परत केलं. त्याची जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत अडकायचे. “आधी पाइप, मग व्हॉल्व्ह. क्लॅम्प बघितलास का? परत.” चौथ्या वेळी मेधाने ग्लव्हज काढून त्याच्या पायाशी फेकले.

“मला नाही शिकायचं हे! तुला काय वाटतं, तू गेल्यावर मी हे घेऊन फिरणार आहे?”

“मी असताना शिक,” तो म्हणाला. “नंतर विचारशील कुणाला?”

ती आत गेली. मी ग्लव्हज उचलले. थोड्या वेळाने ती परत आली, माझ्या हातातून ते घेतले आणि पाचव्यांदा सगळं केलं. न चुकता.

त्याला पर्थपर्यंत जायचं होतं, नलारबरचं ते झाड नसलेलं माळरान ओलांडून. समुद्राकडे तुटलेले कडे बघायचे होते. डॉक्टर जाऊ नका म्हणाले नाहीत. जायचं तर आत्ता, म्हणाले. त्याने मला घरी बोलावलं. मेधा दुकानात गेली होती, हे त्याने जमवून आणलेलं असावं. “अव्या, तीन आठवडे. गाडी तू चालव. बाकी काही नको.”

मी म्हणालो, सेमिस्टर सुरू होतंय, रजा मिळणार नाही. रजा मिळाली असती. मी विचारलीच नाही. खरं म्हणजे मला भीती वाटली... त्या ओसाड रस्त्यावर, मैलोन्मैल फोनला रेंज नसताना त्याचा श्वास अडकला तर? तो मला दिसत राहील, पुढे आयुष्यभर. म्हणून मी सेमिस्टर म्हणालो. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं. “नो वरीज,” तो म्हणाला. मराठीत काही बोलला असता तर बरं झालं असतं.

मेधाने युनीच्या रिकाम्या कार पार्कमध्ये दोन रविवार कॅरव्हॅन रिव्हर्स घेण्याचा सराव केला. आणि ते दोघं गेले. माळरान जिथे सुरू होतं, त्या सेडूनाच्या पुढे त्यांना जाता आलं नाही.

अंत्यसंस्कार ॲडलेडला झाले. ईशा मेलबर्नहून आली, मी वॉलॉंगॉंगहून. ती सबंध वेळ आईचा दंड धरून उभी होती. नंतर कॅरव्हॅन सेडूनालाच विकून टाकू, मी माणूस बघतो, असं मी म्हणालो. “मी ती घरी नेणार आहे,” मेधा म्हणाली. “यायचं तर ये.” या वेळी मी रजा काढली.

सेडूनाला पोचलो तेव्हा कॅरव्हॅन तशीच होती. सिंकमध्ये दोन कप, बिछान्यावर त्याचा स्वेटर. निघायच्या आधी टाकी रिकामी करायला हवी होती. त्या टाकीत त्या दोघांचे शेवटचे दिवस होते, हे मला डम्प पॉइंटला गाडी लावल्यावर लक्षात आलं. मी म्हणालो, “मी करतो.” ग्लव्हज घातले, घाईत दांडा हातात धरून वर ओढला. तो हलेना. जोर लावला, तरी हलेना.

“हाताने नाही,” मेधा मागून म्हणाली. “कोपराने. आणि खाली.”

मी गुडघ्यावर बसलो, कोपर टेकवलं, भार टाकला. झाकण उघडलं. पुढचं सगळं तिने एकेक करून सांगितलं, त्याच क्रमाने, आणि मी केलं. पंचवीस वर्षांच्या मित्राचं मी केलेलं तेवढंच एक काम.

आम्ही परत निघालो. दुसऱ्या दिवशी दुपारी, मी चालवत असताना, खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तू आला असतास तर मला त्याच्याजवळ बसता आलं असतं. तो बाजूला बसलेला असायचा आणि मी रस्त्याकडे बघत असायचे. शेवटचे इतके दिवस, अविनाश... मी रस्त्याकडे बघत होते.” तिच्या आवाजात राग नव्हता.   पुढच्या पेट्रोल पंपावर तिने चहा आणला, दोन कप, आणि आम्ही उभ्याउभ्याच तो प्यायलो.

मागच्या रविवारी तिच्याकडे गेलो. मेधा ड्राइव्हवेवर कॅरव्हॅनमागे जमिनीवर बसली होती, पाना घेऊन. ती त्याचा दांडा काढत होती.  “अगं, काय करतेस?”

“चढावर घासतो हा. बघ, वाकलाय.” तिने शेवटचा नट सोडवला. “आणि माझे हात चांगले आहेत.”

सप्टेंबरमध्ये ती पुढे जाणार आहे. सेडूनाहून पुढे, एकटी. मी येऊ का, असं विचारलं. तिने जरा विचार केला आणि “नको” म्हणाली. साधंच. मग नवं झाकण उचललं, हातपंज्याएवढं, आट्यांचं, आणि फिरवून बसवलं. उघडलं, पुन्हा बसवलं. दांडा आमच्या दोघांमध्ये काँक्रीटवर पडलेला होता. माझे वेडेवाकडे वेल्ड, आणि मधोमध, जिथे त्याचं कोपर टेकायचं तिथे रंग उडून गुळगुळीत झालेला वीतभर भाग. “याचं काय करू?” मी विचारलं.

“तू ने,” मेधा म्हणाली.

मी तो गाडीत, बाजूच्या सीटवर ठेवला. अजून तिथेच आहे.