सोमवारची गोळी

सिस्टरने इंजेक्शन तयार करून ट्रे माझ्यापुढे ठेवला होता. काकूंनी बाही वर केली होती. त्यांचा मुलगा निखिल भिंतीला टेकून मोबाइलवर ऑफिसचे मेल बघत होता. मी सवयीने विचारलं, "काकू, औषधं काही चालू आहेत?"

"काही नाही मॅडम, फॉर्ममध्ये भरलंय सगळं," निखिल मान वर न करता म्हणाला.

सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या त्या ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये मी सहा वर्षं डॉक्टर होते. परदेशी निघालेल्यांना लशी देणं हे माझं काम. निखिल वन-नॉर्थच्या टेक पार्कमध्ये आयटी मॅनेजर. आई पुण्याहून त्याच्या बुकित बातोकच्या फ्लॅटवर तीन महिने राहायला आलेल्या. पुढच्या महिन्यात सगळे मिळून केनियाला चार दिवसांच्या सफारीला निघाले होते. केनियात यलो फीव्हर असतो. डासांमुळे होणारा हा जीवघेणा ताप. तिथून परतताना सिंगापूरच्या एअरपोर्टवर लशीचं सर्टिफिकेट मागतात. ही लस लाइव्ह असते, म्हणजे तिच्यात कमजोर केलेला, पण जिवंत विषाणू असतो. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. ज्याची प्रतिकारशक्ती दबलेली आहे त्याच्या अंगात मात्र तो मोकाट सुटू शकतो, आणि मग आमच्या हातात फारसं काही उरत नाही.

म्हणून आमच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये आजार आणि औषधांचे प्रश्न असत. काकूंच्या फॉर्मवर सगळीकडे 'नो' होतं. अडुसष्ट वर्षांच्या बाईला एकही गोळी नाही, हे मला खटकलं. मी काकूंकडेच बघत राहिले.

"रोजचं नाही हो काही," त्या म्हणाल्या. "फक्त दर सोमवारी एक सांध्यांची. पिवळी असते, एवढीशी."

आठवड्यातून एकदाच घ्यायची सांध्यांची गोळी म्हटलं की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते मेथोट्रेक्सेट. संधिवातावरचं हे औषध प्रतिकारशक्तीच खाली आणतं. नाव विचारलं, तेच निघालं. मी सिस्टरला ट्रे उचलायला सांगितलं.

निखिलला विचारलं, ही गोळी तुम्हाला माहीत होती का. तो अजिबात गडबडला नाही.

"माहीत होती ना. पण 'येस' टिक केलं की फॉर्म पुढेच जात नव्हता. डॉक्टरचं लेटर अपलोड करा म्हणत होता. म्हणून 'नो' केलं."

फॉर्म अडतो तो का अडतो, हा प्रश्न या इंजिनिअरला पडलाच नव्हता. ऑफिसच्या सिस्टीमने एरर दिली की आडवाट काढायची, तशी त्याने आईच्या बाबतीत काढली होती. मला भयंकर संताप आला. आईचा फॉर्म मुलाने भरायचा, आईला विचारायचंसुद्धा नाही, आणि चारचौघांत सांगायचं, आईचं सगळं मीच बघतो.

लस देणार नाही म्हटल्यावर तो घासाघीस करायला लागला. चार दिवसांचाच प्रश्न आहे, जीपमधून खाली उतरायचंही नाही, सिंह काय ते लांबूनच बघायचे. मग आवाज खाली आला. आपण मराठी माणसं, गणपतीत भेटतो, लस राहू दे, नुसता सर्टिफिकेटवर शिक्का द्या. म्हणजे आईला डास चावला तर चावू दे, एअरपोर्टवर अडायला नको.

काकू सगळं ऐकत होत्या. त्यांनी मला विचारलं, "या सुईने मला काय झालं असतं?"

मी खरं ते सांगितलं. कदाचित काहीच नाही, कदाचित जिवावर बेतलं असतं.

त्या निखिलकडे वळल्या. "तुला ठाऊक होतं?"

"एवढं सीरियस असेल असं वाटलं नाही, आई."

"मग विचारायचंस की. फॉर्म भरत होतास तेव्हा मी शेजारीच बसले होते."

लस का देता येत नाही याचं पत्र मी लिहिलं. निखिलने हात पुढे केला. मी ते काकूंच्या हातात दिलं.

संध्याकाळी क्लिनिक मॅनेजरने बोलावलं. निखिलची कम्प्लेंट आली होती. मॅनेजर त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "डॉक्टर, वन जॅब ओन्ली, यू टेक फॉर्टी मिनिट्स. डोस ऑल्सो वेस्टेड लाह." कस्टमरला सॉरीचा मेल पाठवा म्हणाला. मी सांगितलं, पाठवायचाच तर त्या बाईंना पाठवेन, आपल्या फॉर्मच्या वतीने. मेल कुणालाच गेला नाही.

चार दिवसांनी दुसऱ्या एका क्लिनिकमधून फोन आला. तिथल्या डॉक्टर चिनी, मराठीचा गंध नाही. निखिल आईला घेऊन तिकडे गेला होता. फॉर्मवर पुन्हा सगळीकडे 'नो'. ऐकून माझं डोकंच फिरलं. पण या वेळी काकूंनी बाही वर केली नव्हती. पर्समधून माझं पत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "नो इंजेक्शन. मंडे टॅब्लेट." मुलगा मध्ये बोलायला लागला, तर त्याच्याकडे न बघता हात वर करून त्याला थांबवलं.

निखिल बायको-मुलांना घेऊन सफारीला गेला. काकू त्याआधीच पुण्याला परतल्या होत्या.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. फॉर्म कुणीही भरलेला असो, पेशंट आत आणि मुलगा बाहेर. एका पेशंटमागे चार मिनिटं जास्त लागतात, अशी मॅनेजरची तक्रार मी ते क्लिनिक सोडेपर्यंत होती. लागतात, हे खरं आहे.