शेवटच्या ओळीआधी

वर्डेल टॉलिव्हर आठवडाभर शेफील्डच्या शाळेत मुलांसाठी मक्याचा पाव भाजायची आणि रविवारी काळ्यांच्या चर्चमध्ये गायची. शेवटच्या ओळीआधी ती थांबायची. बाजा थांबायचा, टाळ्या थांबायच्या. मग पुढच्या बाकावरून तिचे वडीलच हळूच म्हणायचे, "सावकाश, पोरी." त्या आधारावर ती ओळ उचलायची. लोक रडायचे.

नदीकाठच्या स्टुडिओत ती रॉकवाल्यांच्या मागे साथीला गायला जाऊ लागली, तिथे क्लेट हॅगुड भेटला. गोरा, काटकुळा, गिटार बडवणारा. संध्याकाळी तो तिच्या ओसरीवर तळलेला मासा खायला येऊन बसायचा.

"अरे, गिटार आहे की पत्र्याचा डबा? जरा गप्प बस की!"

"गप्प बसलो तर लोकांना वाटेल, शब्द विसरला."

"वाटू दे. त्यांचा जीव टांगणीला लागू दे. मग गा."

अख्खा उन्हाळा ती त्याला थांबायला शिकवत होती. त्यानेही तिच्या गळक्या छपराला पत्रे ठोकून दिले. चर्चमधलं ते थांबणं ती रॉकवाल्याला शिकवतेय, हे वडिलांना समजलं.

"देवाघरचं गुत्त्यात नेऊन ठेवलंस," ते म्हणाले. "आता तुझ्यात ते उरायचं नाही." त्यांनी तिचं चर्चमध्ये गाणं बंद केलं. क्लेट टोपी हातात धरून त्यांच्या दारात उभा राहिला. दार उघडलं नाही.

ओसरीवर दोघांनी रचलेलं गाणं त्याने रेकॉर्ड केलं. शेवटच्या ओळीआधी तो थांबला, अगदी तिच्यासारखा. गाणं देशभर वाजलं. मुलाखतींत तो तिचं नाव घ्यायचा. छापताना ते गळायचं.

"एकदा तरी तू पुढे आणि मी मागे," तो म्हणायचा. त्याने शब्द पाळला. बर्मिंगहॅमच्या मैदानात, शनिवारी दुपारी, ते गाणं ती एकटी गाणार होती. तिने वडिलांना कसंबसं यायला तयार केलं. आपल्यात ते उरलंय, एवढंच तिला त्यांना ऐकवायचं होतं.

ती छान गायली. मग थांबली. क्लेटने तारांवर हात ठेवला. वडील तिसऱ्या रांगेत होते. त्यांचे ओठ हलले.

आणि सगळं मैदान ओरडलं. रेकॉर्ड ऐकून ऐकून ओळ सगळ्यांना पाठ होती. ही जागा आपलीच, असंच त्यांना वाटत होतं. त्यांनी ओळ संपवली आणि क्लेटच्या नावाचा गजर केला. वर्डेलचं तोंड उघडंच राहिलं.

मंचामागे क्लेटने तिला मिठी मारली. त्याचे डोळे भरले होते. "बघितलंस? सगळे तुझ्याबरोबर गायले!"

"माझ्याबरोबर नाही, क्लेट. माझ्याऐवजी."

"असं काय बोलतेस गं? किती खूश होते लोक!"

त्याला खरंच कळलं नव्हतं. तिने त्याचे हात खांद्यावरून काढले.

वडील बाहेर उन्हात उभे होते. "ती बाई त्या पोराची नक्कल करते, असं म्हणत होती माझ्या शेजारी बसलेली मुलगी," ते म्हणाले.

"तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"मी काय सांगणार? चल, बस सुटेल."

बसमध्ये दोघं शेजारी बसली. बर्मिंगहॅम मागे पडल्यावर तिने विचारलं, "बाबा, ती ओळ म्हणून दाखवू?"

"नको," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "ऐकली मी. सगळ्यांनी म्हटली."